छपराखालची बाई

आमच्या दारात एके काळी रोज सकाळी जपानी डोंगर, जपानी नद्या आणि जपानी बैल उमटायचे असं मी सांगते तेव्हा नातवंडं फिदीफिदी हसतात. हसा म्हणावं. नगरच्या त्या गल्लीत तेव्हा राहणारी जी काही माणसं अजून आहेत त्यांना जाऊन विचारा. समोरच्या काकू असत्या तर त्यांनीच पोरांचे कान धरून सांगितलं असतं.

गोष्ट मोठा दुष्काळ सरला त्या वर्षाची. दुष्काळात सडा घालायला पाणी कुठलं? कोरड्या फुफाट्यावर रांगोळी टाकावी तर भाकरी थापून होईपर्यंत वाऱ्यानं गेलेली असायची. पण त्या साली पाऊस बरा झाला, आडाला पाणी आलं, आणि गल्लीतल्या बायका शेणसडा घालण्यावर अशा तुटून पडल्या की विचारू नका. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. हे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते. गाव नेवाशाकडचं, घर शेतकऱ्याचं. हातात कसब, तोंडात शब्द नाही. माझं नेमकं उलटं. माझ्या तोंडाला लागू नये असं गल्लीत सगळे म्हणायचे आणि मला त्याचं वाईटही वाटत नसे.

कारखान्यात जपानहून एक यंत्र आलं. ते बसवायला एक जपानी इंजिनियर आले आणि त्यांचं बोलणं समजावून सांगायला पुण्याचे एक दुभाषे. यांना मदतीला दिलं होतं. यांचं काम बघून साहेब खूश झाले. जाताना ते म्हणाले की यंत्राची दुरुस्ती शिकायला चार महिने जपानला एक माणूस न्यायचाय. दिवाळीला मी परत येतो, तेव्हा परीक्षा घेतो. अट एकच. यंत्रावरच्या पाट्या सगळ्या जपानी चित्रलिपीत आहेत, त्यातल्या रोजच्या खुणा आणि शब्द तरी यायला हवेत. दरवेळी कुणाला विचारत बसलं आणि भलतंच बटण दाबलं तर हात जायचा. नगरचा माणूस तयार झाला नाही तर दुसऱ्या कारखान्याचा नेऊ. एवढं बोलून त्यांनी आपल्या मुलीचं पहिलीचं चित्रांचं पुस्तक यांच्या हातात ठेवलं. दुभाष्यांनी त्यात पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहून दिले होते.

त्या दिवशी हे घरी आले ते कान लाल करून. ताटावर बसले, घास हातात तसाच. म्हणाले, “मला जायचंय.”

मी बघतच राहिले. दोन वर्षांत या माणसानं ‘मला अमुक पाहिजे’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. भाजीत मीठ कमी असलं तरी मुकाट खायचे. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक झालं तरी हा माणूस जपानला गेला पाहिजे.

मी मॅट्रिक झालेली. म्हटलं, त्यात काय एवढं, मीच शिकवते. दुपारी कामं उरकली की पुस्तक घेऊन बसायची. काय मजा होती त्या लिपीत! डोंगर म्हणजे तीन सुळके. नदी म्हणजे तीन उभ्या रेघा, वाहणाऱ्या. शेत म्हणजे चौकोनात चार वाफे, अगदी आमच्या सासऱ्यांनी आखल्यासारखे. झाडाला खोड आणि फांद्या. आणि शब्द तर असे की हसून पोट दुखावं. डोंगराला यामा, नदीला कावा, आणि बैलाला म्हणे उशी! मी दिवसभर पाणी भरताना, धुणं धुताना ‘यामा, कावा, उशी’ करत असायची. समोरच्या काकूंना वाटलं, हिला काहीतरी बाधलंय.

आठवडाभरात माझं अर्धं पुस्तक तोंडपाठ झालं आणि यांची गाडी पहिल्या पानावरून हलेना. वाचायला म्हणाल तर जमायचं, पण पेन्सिल हातात आली की सगळं संपलं. जो हात लोखंडावर खडूनं केसाइतकी बारीक रेघ मारायचा तो वहीवर थरथरायचा. लहानपणी गुरुजींनी बोटं उभी धरून त्यावर पट्टी मारलेली, सातवीत शाळा सुटली ती त्यापायीच. वीतभर पेन्सिल बघितली की या आडदांड गड्याला घाम फुटायचा. दोन पायांचा ‘माणूस’ आणि यंत्र चालू करायची ‘आत’ची खूण यांत फरक एवढाच की कुठला पाय वर चढलाय. हे दरवेळी माणसाच्या जागी यंत्र चालू करायचे.

मी चिडायची. चिडायची म्हणजे भांडी आपटायची. हे गप्प बसायचे, त्यानं मी आणखी चिडायची.

त्यात ती छपराची खूण आली. यंत्रावर ‘सुरक्षा’ अशी पाटी होती, तिच्यातलं पहिलं अक्षर. वर ठिपका, त्याखाली छप्पर आणि छपराखाली बाई. पुस्तकात दुभाष्यांनी अर्थ लिहिला होता : घरात बाई, म्हणजे शांतता. मी ते मोठ्यानं वाचलं आणि हे हसले. गालातल्या गालात नाही, चांगले खो खो हसले.

“हसायला काय झालं?” मी म्हटलं.

“काही न्हाई. त्या लोकांनी आपलं घर बघितलेलं दिसत न्हाई.”

मग काय! मी ते पुस्तक धाडकन फळीवर ठेवलं आणि म्हटलं, आजपासून तुमचं तुम्ही बघा, मी छपराखाली शांत बसते. आणि खरंच बसले. दुसऱ्या दिवशीपर्यंत अक्षर बोलले नाही. यांना कसं चुकल्याचुकल्यासारखं झालं असेल ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सडा घालून रांगोळी काढत होते. राग अजून नाकावर होताच. हे मंजन घेऊन दारात उभे. त्यांना डिवचायला म्हणून मी ठिपके-बिपके सोडून दिले आणि सरळ ते चार वाफ्यांचं शेत काढलं. म्हटलं, बघा, असं असतं, काल रडत होतात ना यावर!

हे चूळ भरून आले, उकिडवे बसले आणि म्हणाले, “चुकलं. खालची रेघ सगळ्यात शेवटी. आदी मधले बांध घालायचे, मग वाफ्याचं तोंड बंद करायचं.” आणि माझ्या डब्यातून चिमूट घेऊन त्यांनी शेजारी दुसरं शेत काढलं. सलग, न थांबता. चिमटीतून रांगोळी अशी सुटत होती की रेघ कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. मग डोंगर काढला, नदी काढली, बैल काढला. ‘माणूस’ काढला तो बरोबर पाय वर चढवून. मी सड्याची बादली हातात घेऊन उभीच. रात्रभर कोंडून ठेवलेला राग कुठं पळाला ते कळलंच नाही मला.

पेन्सिलीत गुरुजी होते, रांगोळीत नव्हते. एवढंच ते होतं.

मी आनंदानं ओरडणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. “माझी शपथ हाय तुला. कुणाला सांगशील तर.”

त्यांचं खरं होतं. त्या काळी बाप्यानं रांगोळी काढायची म्हणजे काय! कारखान्यातल्या गड्यांनी त्यांना बायल्या म्हणून पुरतं हैराण केलं असतं. आणि आमच्याकडे शपथ म्हणजे शपथ. ज्यानं घातली तो ‘सुटली’ म्हणेपर्यंत मोडायची नाही, मोडली तर त्याच्याच जिवावर येतं. मी कबूल झाले.

तेव्हापासून आमचं ठरलं. अजून तांबडं फुटायचंय तोवर मी सडा घालायची, हे उकिडवे बसून त्या दिवसाच्या खुणा काढायचे, मी पुस्तक धरून तपासायची. दूधवाल्याची घंटा वाजली की डबा माझ्या हातात आणि हे घरात. उजाडल्यावर गल्ली बघायची तर मी डबा घेऊन दारात बसलेली.

आता गल्लीतल्या बायका काय कमी! “अगं, ही कुठली गं नवीन रांगोळी?” काकूंनी विचारलं. मी ठोकून दिलं, “माहेरची आहे.” झालं! आठ दिवसांत दारोदारी माझं माहेर उमटायला लागलं. पण आमच्या बायकांना रांगोळी दोन्ही अंगांनी सारखी लागते. त्यामुळे एका दारात बैल आणि त्याच्याशेजारी आरशात बघितल्यासारखा उलटा बैल. डोंगराखाली उलटा डोंगर. कोपऱ्यात स्वस्तिक, वर हळदीकुंकू. काकूंना झाड आवडलं, पण एक झाड बोडकं दिसतं म्हणून त्यांनी एक वर, दोन खाली अशी तीन काढली. त्या वर्षी ईद आणि दिवाळी पाठीला पाठ लावून आली होती. कोपऱ्यावरच्या आपांनी त्या तीन वाहत्या रेघा मेंदीनं हातावर काढून घेतल्या. हे कामावर जाताना सगळी दारं बघत बघत जायचे. “आमची उजळणी व्हती,” म्हणायचे.

दिवाळी आली, साहेब आले. परीक्षा पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, कारखान्यात टेबलखुर्चीवर. आणि ती कागद-पेन्सिलीवर! घरी आम्ही कागद पुढ्यात घेऊन बघितला. परत तेच. दोन अक्षरं झाली आणि हात थरथरायला लागला. हे कागद बाजूला सारून म्हणाले, “जाऊ दे. आपल्या नशिबात न्हाई.” मला इतकं रडू आलं की मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

पाडव्याला साहेबांना आमच्याकडे फराळाला बोलावलं होतं. परका माणूस, दिवाळीत एकटा कशाला राहील? साहेब, दुभाषे आणि कारखान्यातले यांच्याबरोबरचे तिघेचौघे असे चालत आले. मी करंज्यांचं ताट घेऊन दारात उभी, हे नवा सदरा घालून पुढं गेलेले.

साहेब पहिल्याच दारापाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “यामा,” म्हणाले. मग खाली वाकून उलटा डोंगर बघायला मान वाकडी केली. पुढच्या दारात दोन बैलांच्या मध्ये उभे राहून हसले. काकूंच्या दारात आले आणि एकदम म्हणाले, “मोरी!”

“मोरी?” काकू कमरेवर हात ठेवून पुढं आल्या. “माझ्या दाराला मोरी म्हणतोय व्हय हा बाबा? सणासुदीचं!”

दुभाष्यांनी हात जोडले. “तसं नाही हो काकू, तीन झाडं म्हणजे त्यांच्याकडे जंगल. त्याला मोरी म्हणतात.” काकूंना ते जंगलही फारसं पटलं नाही.

असं करत साहेब आमच्या दारात आले. तिथं एकही खूण उलटी नव्हती. नदी, तिच्या काठाला शेत, शेतात बैल, बैलामागं माणूस. साहेब उकिडवे बसले. खूप वेळ बघत राहिले. मग वर बघून काहीतरी विचारलं.

“कुणी काढलंय, विचारतात,” दुभाषे म्हणाले.

अख्ख्या गल्लीनं माझ्याकडे बोट केलं. काकू तर अभिमानानं म्हणाल्या, “हिनंच. हिच्या माहेरची हाय!”

साहेब उठून हसत काही बोलले. दुभाषे म्हणाले, “साहेब म्हणतात, मग जपानला ह्या बाईंनाच नेतो.” सगळे हसले. कारखान्यातले जरा जास्तच हसले. एक जण यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “काय गड्या, तुझ्यापेक्षा वहिनी हुशार!”

यांची मान खाली. ज्या तोंडानं मी सगळ्या गल्लीला गप्प केलं होतं त्याला कुलूप होतं आणि किल्ली यांच्याकडे. मी मनात ओरडत होते, अहो, बोला! उद्या तो कागद पुढ्यात आला की संपलं. आत्ता बोला! इतका राग मला त्यांचा कधी आला नव्हता आणि इतकी मायाही कधी आली नव्हती.

हे मान वर न करता हळूच म्हणाले, “सुटली.”

“काय सुटलं?” दुभाष्यांनी विचारलं. कुणालाच काही कळलं नाही. मला कळलं. मी ताट काकूंच्या हातात कोंबलं आणि बेंबीच्या देठापासून म्हटलं, “हात यांचा आहे! माझा नाही! महिनाभर रोज पहाटे हे काढतात आणि मी नुसती डबा धरून बसते. माहेरची नाही अन् काही नाही, तुम्ही सगळ्या यांचीच रांगोळी काढताय!”

त्या पाठीवर थाप मारणाऱ्याला हसू फुटलं. “रांगोळी? ह्यो?”

यांचे कान लालभडक झाले. मला वाटलं, आता आत जातील आणि दार लावून घेतील. मी रांगोळीचा डबा पुढं केला. त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पायातल्या वहाणा काढल्या, नव्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि सगळ्या गल्लीसमोर उकिडवे बसले. तळव्यानं जमीन सारखी केली. चिमूट घेतली. हात एकदा थरथरला. नंतर नाही.

आधी ठिपका. मग छप्पर. मग छपराखाली बाई.

त्याला लागून त्यांनी पाटीवरचं दुसरं अक्षरही काढलं आणि स्वतःच वाचलं, “आनझेन.” साहेबांनी मान हलवली. मग पहिल्या अक्षरावर बोट ठेवून विचारलं, हे एकटं असलं तर काय?

हे माझ्याकडे बघून म्हणाले, “घरात बाई हाय. म्हणून शांत.”

गल्लीला एवढंच पाहिजे होतं. “हिच्या घरात अन् शांत!” करत काकू करंज्यांचं ताट धरून गदगदा हसायला लागल्या, त्यांच्यामागं सगळ्याच. दुभाष्यांनी साहेबांना अर्थ सांगितला, आणि गल्ली का हसतेय तेही सांगितलं असणार, कारण साहेबांनी माझ्याकडे वळून कमरेतून वाकून नमस्कार केला. मी पदर सावरत बसले, दुसरं काय करणार?

मग साहेब यांना घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत परत गेले. एकेका दारात थांबायचे, बोट दाखवायचे, हे सांगायचे. झाड, ‘की’. नदी, ‘कावा’. “काकू, तुमच्या शेजारणीचा हा बैल उलटा हाय.” आपांनी मेंदीचा हात पुढं केला, तोही वाचला. मघाशी हसणारे गडी मागून चालत होते. त्यातला एक हळूच यांना विचारत होता, “आन् हे काय रे?” गल्लीच्या टोकाला साहेबांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुभाषे तिथूनच मला ओरडून म्हणाले, “वहिनी, झाली परीक्षा! उद्या कागद-बिगद काही नाही!” माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा कुठं मला आठवलं की फराळाचं ताट अजून काकूंच्या हातात आहे, आणि त्यातल्या दोन करंज्या त्यांनी खाऊन टाकल्यात.

हे गेले आणि चार महिन्यांनी परत आले. त्या चार महिन्यांत दारात मी माझ्या वाकड्या हातानं काढत होते. सुनं दार बरं दिसत नाही. गल्ली म्हणायची, यांच्यासारखं नाही बाई जमत हिला. मी ऐकून घ्यायची.

आल्यावर यांनी सांगितलं ते असं. तिथं ज्या घरात उतरले होते तिथली म्हातारी दार झाडून स्वच्छ ठेवायची, पण दार आपलं मोकळंच. यांना करमेना. चौथ्या-पाचव्या दिवशी तांदळाचं पीठ मागून घेतलं आणि दारात लक्ष्मीची पावलं काढली. म्हातारी हरखली. मग रोजच पीठ आणून ठेवायची. तिला वाटलं, हिंदुस्थानात घरोघरी बाप्येच हे काम करतात. शेजारणींना बोलावून तसंच सांगायची.

“मग तुम्ही तिला खरं काय ते सांगितलं नाही?” मी विचारलं.

“खोटं काय हाय त्यात?” हे म्हणाले. “आपल्या दारात मीच काढतो की.”

दुसऱ्या दिवशी प्रवासाच्या थकव्यानं ते उशिरापर्यंत झोपले. मी सडा घालून ठेवला होता, रांगोळी काढली नव्हती. ऊन दारात आलं, दूधवाला येऊन गेला, पोरं शाळेला निघाली, तेव्हा हे डोळे चोळत बाहेर आले. समोर काकू, कोपऱ्यावर आपा, नळावर अख्खी गल्ली. यांनी कुणाकडे बघितलं नाही. डबा घेतला आणि भर उजेडात खाली बसले. ठिपका, छप्पर, बाई.

काकू पलीकडून म्हणाल्या, “आज आमच्या दारात पण काढा की हो तेच.”

“काढतो,” हे म्हणाले, “पण तुमच्या घरात खोटं ठरंल.”

काकू जे चवताळल्या! मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.